काय म्हणती गाडी?

गोजरबाईला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला तो जाफराबादच्या बाजारातून परत येताना. मोटारसायकलवर कडूबाच्या मागे एका बाजूला पाय सोडून ती नेहमीसारखी बसली होती. मांडीवर पिशवी, उजवा हात नवऱ्याच्या खांद्यावर. गाडी चढाला लागली आणि खालून टक् टक् टक् सुरू झालं. पिशवीतली तेलाची बाटली असेल म्हणून तिने पिशवी घट्ट धरली, तरी आवाज थांबला नाही.

"अहो, गाडीत कायतरी वाजून राह्यलं," ती म्हणाली.

"हां, यंदा तूर बरी हाय," कडूबा म्हणाला.

गोजरबाईने रस्त्याच्या कडेच्या तुरीकडे पाहिलं. तूर खरंच बरी होती. ती पुढे काही बोलली नाही.

आता कुणी म्हणेल, बाई, दुसऱ्यांदा ओरडून सांगायला काय झालं होतं? म्हणणाऱ्याचं काय जातं! ओरडून सांगायचं म्हणजे 'तुम्हाला ऐकू येत नाही' असं तोंडावर सांगायचं, आणि कडूबाला आणखी काहीही म्हटलेलं चाललं असतं, एवढं सोडून. कारण आसपासच्या चार गावांत त्याचं नाव होतं ते त्याच्या कानामुळे.

सोळा वर्षांपूर्वी त्याने ही मोटारसायकल घेतली. लोक किलोमीटर बघून ऑइल बदलतात, तारीख लिहून सर्व्हिसिंग करतात, याचं त्याला भारी हसू यायचं. "गाडी सोताच्या तोंडानं सांगती. ज्याला कान न्हाई त्यानं किलोमीटर मोजावे," असं तो चारचौघांत सांगायचा. रोज सकाळी अंगणात गाडी सुरू करायची, डोळे मिटून तिच्याजवळ उभं राहायचं आणि चुलीपाशी बसलेल्या बायकोला विचारायचं, "रामाची माय, काय म्हणती गाडी?" ती म्हणायची, "चहा मागती." मग तो सांगायचा. आज टॅपेट वाजतंय, आज चेन सैल झाली, आज आवाज जाड येतोय म्हणजे ऑइल संपत आलं. आणि त्याचं म्हणणं सहसा खरं निघायचं. ऑइल किती आहे ते बघायला इंजिनात एक पट्टी असते. ती त्याने सोळा वर्षांत एकदाही बाहेर काढली नव्हती. कान असताना पट्टी कशाला?

दोन वर्षांपूर्वी कधीतरी त्याने "काय म्हणती गाडी" विचारणं बंद केलं. मग फोन वाजला की "रेंज न्हाई, तूच बोल" म्हणून तो तिच्या हातात द्यायला लागला. टीव्ही आधी मोठा झाला, मग "सगळी बकवास" म्हणून बंदच झाला. गोजरबाईला सगळं कळलं. कळलं हे तिने दाखवलं मात्र नाही. गाडीला आरसे नव्हते. पहिल्याच महिन्यात कडब्याच्या पेंढ्या अडकतात म्हणून त्याने ते काढून माळ्यावर टाकले होते. मागून ट्रक आला की ती त्याचा खांदा दाबायची आणि तो गाडी डावीकडे घ्यायचा. हे कधी ठरलं, कुणी ठरवलं, दोघांनाही सांगता आलं नसतं.

पोरगा रामप्रसाद नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात कामाला होता. गेल्या दिवाळीला गाडी वाटेत बंद पडली आणि म्हातारा-म्हातारी उन्हात दोन तास उभी राहिली, तेव्हा तो चिडून म्हणाला होता, "बाबा, आता एकदा जरी गाडीनं रस्त्यात दगा दिला ना, तर मी ती विकून टाकीन. तुमी दोघं इथं वरच्या खोलीत राहा." पोरगा वाईट नव्हता, काळजीनेच बोलत होता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

गोजरबाईने ती वरची खोली पाहिली होती. स्वच्छ होती, पंखा होता, खिडकी होती. खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसायची. तिच्या लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली होती, त्यातली पहिली पंचवीस शेत आणि घर एवढ्यातच गेली. या गाडीवर बसून तिने राजूरचा गणपती पाहिला, बहिणीचं गाव पाहिलं, आणि नुसतं फिरायला म्हणून फिरणं काय असतं तेही पाहिलं. पोराला बापाचे कान गेल्याचं कळलं की गाडी जाणार, आणि गाडी गेली की शेत, अंगण, सगळंच जाणार, असं तिला वाटत होतं. म्हणून टक् टक् ऐकत ती पंधरा दिवस गप्प बसली.

आणि सोळाव्या दिवशी, तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन दोघं पोराकडे निघाली असताना, जालना दहा-बारा किलोमीटरवर राहिलं आणि खालून खट् असा आवाज आला. मागचं चाक जागच्या जागी अडकलं. गाडी घसरत रस्त्याच्या कडेला गेली. कडूबाने क्लच दाबला, पाय टेकवला, तोल सावरला. पडलं कुणी नाही. शेंगा तेवढ्या सांडल्या.

"पेट्रोल संपलं वाटतं," तो म्हणाला.

गोजरबाई शेंगा वेचत बसली. मागून ट्रक येत असता तर? हा विचार तिने दोनदा परतवला आणि तिसऱ्यांदा तो आलाच.

कापूस टाकून रिकाम्या परतणाऱ्या एका पिकअपवाल्याने गाडी वर चढवून दिली आणि थेट जालन्यात मस्तगडला गयासोद्दीनच्या दुकानापुढे उतरवली.

गयासोद्दीन मिस्त्री म्हणजे कडूबाचा सोळा वर्षांपासूनचा दोस्त. दाढी पांढरी झालेली, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, इंजिनाच्या खालच्या अंगाची ती पट्टी फिरवून बाहेर काढली आणि उन्हात धरली. पट्टी कोरडी ठाक होती.

"याच्यात ऑइलच न्हाई, कडूबाभाऊ."

"हां, चहा चालंल," कडूबा म्हणाला.

गयासोद्दीन जरा थबकला, पण चहा सांगून कामाला लागला. तासाभरात इंजिन उघडं पडलं. पिस्टनवर उभे चरे पडले होते. त्यांच्यावर बोट फिरवत तो गोजरबाईला म्हणाला, "भाबी, हे एका दिवसाचं काम न्हाई. ही गाडी पंधरा दिवस तरी ओरडून राह्यली असंल. बहिऱ्याला बी ऐकू येईल, एवढं!" आणि तो हसला. तो हसतोय हे बघून कडूबाही हसला.

गोजरबाई हसली नाही. गयासोद्दीनने तिच्याकडे पाहिलं, मग कडूबाकडे पाहिलं, आणि त्याचं हसू तिथंच विरलं.

त्या दोघांचा एक जुना खेळ होता. कडूबा दुकानात आला की गयासोद्दीन दुसऱ्या कुठल्या तरी गिऱ्हाइकाची गाडी सुरू करायचा आणि विचारायचा, "बोल, हिला काय झालं?" कडूबा डोळे मिटून ऐकायचा आणि सांगायचा. बाकीची गिऱ्हाइकं चहाचा ग्लास हातात धरून बघत राहायची. गयासोद्दीनने आज हात पुसले, स्टँडवरची एक लाल गाडी सुरू केली आणि कडूबाला हाताने खुणावलं.

कडूबाचा चेहरा उतरला, पण माघार घेईल तो कडूबा कसला. तो पुढे झाला आणि डोळे मिटून मान तिरकी करून उभा राहिला. गाडीच्या पोटातून खळखळ येत होती. आतली चेन सैल झालेली. गोजरबाईला सोळा वर्षांच्या संगतीने एवढं कळत होतं. ती नवऱ्याच्या समोर जाऊन उभी राहिली आणि त्याने डोळे उघडले की दिसावं म्हणून पदराआडून बोट गोल गोल फिरवू लागली. परीक्षेत कॉपी पुरवणाऱ्या पोरींसारखी! साठीला आलेली बाई!

गयासोद्दीनने ते बोट पाहिलं. त्याने हात पुढे केला आणि गाडी बंद केली.

कडूबा तसाच उभा होता. डोळे मिटलेले, मान तिरकी, बंद गाडीचा आवाज मन लावून ऐकत.

गोजरबाईचं बोट हवेतच राहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलंही नाही.

"टॅपेट," कडूबा शेवटी म्हणाला आणि त्याने डोळे उघडले. त्याने बायकोचा चेहरा पाहिला. मग गाडीकडे पाहिलं, सायलेन्सरपाशी हात धरला. हाताला वारा लागला नाही. तो मागच्या बाकावर जाऊन बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून जमिनीकडे बघत राहिला.

"माझ्या कानात रातंदिस गुंई चालू असती," तो म्हणाला. "मला वाटलं, गाडीच हाय."

गोजरबाई त्याच्या समोर खाली बसली. आता लपवण्यासारखं उरलं तरी काय होतं? ती त्याच्या तोंडाकडे तोंड करून, एकेक शब्द मोठ्याने म्हणाली, "मला ऐकू येत व्हतं. पंधरा दिस. मी बोलले न्हाई. तुमाला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाई. आज मेलो असतो आपण, माझ्या गप्प बसण्यानं."

रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. कडूबाला सगळं ऐकू आलं की नाही कोण जाणे, पण त्याला कळलं. त्याने तिच्या डोक्यावरून घसरलेला पदर सारखा केला. भरबाजारात त्याने असं आयुष्यात केलं नव्हतं.

गयासोद्दीन तेवढ्यात आतून लाकडी मुठीचा एक लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, घेऊन आला. इंजिनाच्या पोटातला आवाज ऐकायला मिस्त्री लोक पेचकसाचं टोक इंजिनाला लावतात आणि मूठ कानाशी धरतात. त्याने लाल गाडी परत सुरू केली, कडूबाला हाताला धरून उठवलं, पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ त्याच्या कानाशी न धरता कानामागच्या हाडावर घट्ट दाबली.

कडूबाने आधी भुवया उंचावल्या. मग तो तसाच गोठून उभा राहिला. आणि मग हळूहळू त्याचं तोंड उघडलं.

"चेन," तो म्हणाला. "आतली चेन सैल हाय. अन् टॅपेट बी हाय जरासं, दुसरं, डावीकडलं." "गयासभाई, अरे, ही बोलती की रे!"

"माझ्या अब्बांना असंच झालतं," गयासोद्दीन गोजरबाईला म्हणाला. "कानाच्या पडद्याकडलं बिघडलं, आतलं शाबूत, म्हणून हाडातून ऐकू येतं. म्हंजे विलाज हाय, भाबी. डॉक्टरला दाखवा, जल्दी."

कडूबाचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. त्याने गाडी बंद केली, पेचकसाची मूठ स्वतःच कानामागे धरली आणि वळला. टोक हातात धरून त्याने ते बायकोच्या मनगटापाशी नेलं आणि हिरव्या बांगड्यांना टेकवलं.

"हालव," तो म्हणाला.

गोजरबाईने हात हलवला. लाजून आधी थोडा, मग त्याचा चेहरा बघून जोरात. भर दुपारी मस्तगडच्या रस्त्यावर ती बाई नुसती हात हलवत उभी होती आणि तो बाबा पेचकस कानामागे लावून रडत होता. दुसरा चहा घेऊन आलेला चहावाला ग्लास हातात धरून तसाच उभा राहिला.

रामप्रसाद आला तेव्हा ऑफिस सुटलं होतं. आईने फोनवर फक्त "गाडी बिघडली" एवढंच सांगितलं होतं. उघडं इंजिन बघून त्याचं डोकं फिरलं. "झालं का समाधान? मी काय म्हणलो व्हतो दिवाळीला? गयासचाचा, जशी हाय तशी विकून टाका ही."

गोजरबाई बोलायला उठली, पण कडूबाने तिला हाताने थांबवलं. "रामा, गाडीचा दोष न्हाई. मला ऐकू येत न्हाई. दोन वरसं झाली. मी सांगितलं न्हाई."

रामप्रसाद बापाकडे बघतच राहिला. मग आईकडे. गेल्या दोन वर्षांत फोनवर बाप कधीच का आला नाही, ते त्याला आत्ता कळत होतं. तो मनात धरून बसला होता की बाबा रागावलेत.

"मंग तर गाडी न्हाईच चालवायची," तो म्हणाला, पण आवाजात मघाचा जोर नव्हता.

"इंजिन खराब झालं तर गाडी विकायची," गयासोद्दीन हातातला पिस्टन पुसत म्हणाला. "मंग कान खराब झाला तर बाप बी विकणार का, बेटा? देख, दोघांचं सारखंच झालं. टायमावर कुणी बघितलं न्हाई, एवढंच. गाडी माझ्याकडं राहू दे. आधी कान दाखव. डॉक्टर हो म्हणला तरच चावी देईन, अन् आरसे लावल्याबिगर तर बिलकुल देणार न्हाई."

रामप्रसादने बापाची चप्पल सरळ करून त्याच्या पायापुढे ठेवली आणि म्हणाला, "चला बाबा. दवाखाना अजून उघडा असंल." आणि बापाला ऐकू आलं नसेल म्हणून त्याने हात पुढे केला.

डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं. ते लावून कडूबाला फोन ऐकू येऊ लागला, सून बोललेलं ऐकू येऊ लागलं, आणि शेजारची दुर्गाबाई किती बोलते तेही पहिल्यांदा कळलं. दीड महिन्याने गाडी आली, दोन आरशांसकट. गाडी देताना गयासोद्दीनने ऑइलची ती पट्टी कडूबाच्या हातात दिली होती. "तू अमावसेला गाडीला लिंबू-मिरची बांधतोस ना? त्यासाठी खाली वाकतोसच. तेवढ्यात ही बी काढून बघायची. तेलाची रेघ, चेन, ब्रेक, हवा. कानाला जे कळायचं ते कळू दे, पण डोळ्यानं बघायचं."

तेव्हापासून दर अमावस्येला सकाळी मस्तगडहून फोन येतो. दुकानातल्या कॅलेंडरावर गयासोद्दीनने सगळ्या अमावस्यांना गोल करून ठेवलाय. "भाबी, आज अमावस हाय. पट्टी बघितली का?" आणि गोजरबाई सांगते, "बघून राह्यले, भाऊ. लिंबू बी बांधलं."

एकच अडचण उरली. गाडी वेगात आली की त्या मशीनमध्ये नुसता वारा घोंघावतो. म्हणून निघताना कडूबा ते काढतो आणि बायकोच्या तळहातावर ठेवतो. ती ते पदराच्या टोकाला गाठ मारून बांधते. मग तो गाडी सुरू करतो, टाकीवर पंजा ठेवून उभा राहतो आणि विचारतो, "रामाची माय, काय म्हणती गाडी?"

परवा अमावस्येलाच दोघं तिच्या बहिणीकडे निघाली. पट्टी बघितली होती, चेन बघितली होती, सगळं बराबर होतं. गाव मागे पडलं आणि गोजरबाईला खालून बारीक आवाज आला. टिक् टिक् टिक्. निघून दहा मिनिटं झाली नव्हती. बहीण वाट बघत असेल. ह्यांना पुन्हा कशाला त्रास, असं जुन्या सवयीने तिच्या मनात आलंही.

तिने त्याच्या खांद्यावर दोनदा थापटलं. कडूबाने काहीही न विचारता गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

तो उतरला. वाकून इंजिन बघितलं, चेन हलवून बघितली, चाक फिरवून बघितलं. काही सापडेना. मग त्याची नजर तिच्या मांडीवरच्या पिशवीवर गेली. त्याने आतला डबा काढून हलवला. बहिणीसाठी घेतलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांच्या डब्याचं झाकण सैल होतं.

गोजरबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने घाईने पदराची गाठ सोडली आणि मशीन त्याच्या हातावर ठेवलं. त्याने ते कानात बसवेपर्यंत थांबून ती म्हणाली, "उगंच थांबवलं तुमाला."

कडूबाने झाकण घट्ट बसवलं आणि डबा परत पिशवीत ठेवला. "दहा बार थांबव," तो म्हणाला. "थांबू की. पण तू गप नको राहू."

मग त्याने मशीन काढून परत तिच्या हातावर दिलं, आणि तिने ते पदरात बांधलं.